'मूनलाइट' : त्या मुलाने मराठीत विचारलं असतं तर?

रानजाई

परवा 'मूनलाइट' हा अमेरिकन सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला, या वेळी माझ्या मुलाबरोबर. तो 23 वर्षांचा आहे आणि सिनेमा त्यानेच लावला. खाली कथानक उघड होणार आहे. ज्यांना आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं आणि बघून परत यावं, धागा कुठे जात नाही.

गोष्ट मायामीच्या लिबर्टी सिटी या कृष्णवर्णीय वस्तीतली. शायरॉन नावाच्या मुलाची तीन वयं आणि तीन नावं : आधी 'लिटल', मग 'शायरॉन', मग 'ब्लॅक'. बाप कुठे दिसत नाही, आई पॉला क्रॅकच्या, म्हणजे ओढायच्या कोकेनच्या, नादी लागत चाललेली. पोरं मागे लागतात म्हणून तो एका ओसाड घरात लपतो आणि तिथे त्याला हुआन सापडतो. हुआन त्या भागात ड्रग विकणारा माणूस. तो पहिली गोष्ट काय करतो, तर या मुलाला खायला घालतो. मुलगा नावसुद्धा सांगत नाही, पण समोर आलेलं मुकाट्याने खातो.

मला लिहायचंय ते पहिल्या प्रकरणाच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल. हुआन आणि त्याची मैत्रीण टेरेसा यांचं घर, जेवणाचं टेबल. मुलगा खाली बघत विचारतो, पोरं मला जो शब्द म्हणतात त्याचा अर्थ काय? हुआन जरा थांबतो. मग सांगतो, गे माणसांना वाईट वाटावं म्हणून वापरायचा शब्द आहे तो. मुलगा विचारतो, मी तसा आहे का? हुआन 'छे छे, तू कसला' असं म्हणत नाही. तू गे असूही शकशील, म्हणतो, पण त्या शब्दाने तुला कुणाला हाक मारू द्यायची नाहीस. मग ते कळणार कसं? टेरेसा म्हणते, कळेल तेव्हा कळेल. आत्ताच कळायला हवं असं काही नाही.

त्यानंतर मुलगा आणखी दोन प्रश्न विचारतो. तू ड्रग विकतोस का? आणि माझी आई घेते ना? दोन्हीला हुआनला होच म्हणावं लागतं. मुलगा खुर्चीवरून उतरतो आणि निघून जातो. महर्शाला अलीला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते या एका प्रसंगासाठी दिलं असतं तरी मला कमी वाटलं नसतं.

आता माझं. मी 26 वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. सातवीत एक मुलगा होता, अक्षर मोत्यासारखं. एकदा मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते, तो टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, बायल्या म्हणजे काय हो?" त्याच्या हातात निबंधाची वही होती. तिच्या खाकी कव्हरावर कुणीतरी पेनने तो शब्द लिहिला होता आणि त्याने तो खोडून खोडून कागद फाटेपर्यंत गिरवला होता. ते मला दिसत होतं. मी मराठीची शिक्षिका, मला त्या शब्दाचं व्याकरणसुद्धा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "असले शब्द तोंडात आणायचे नाहीत. जा, डबा खा."

शब्द त्याने तोंडात आणलेलाच नव्हता. त्याच्यावर भिरकावलेला तो उचलून माझ्याकडे घेऊन आला होता, आणि मी दटावलं त्यालाच. त्यानंतर तो मला काही विचारायला कधी आला नाही.

हुआनचं उत्तर ऐकताना तिन्ही वेळा मला ती खाकी वही दिसली. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते. सिनेमा कसा वाटला तेही लिहा, पण मला खरं हवंय ते हे : 9-10 वर्षांच्या, 12 वर्षांच्या मुलाने हा प्रश्न मराठीत विचारला, तर तुम्ही कोणत्या शब्दांत उत्तर द्याल?

खडीसाखर

ताई, फार आतून लिहिलंय तुम्ही. त्या वहीपाशी मी थांबले.

सिनेमाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी मागच्या वर्षी पाहिला. पहिला भाग आवडला, दुसऱ्या भागातली मारहाण बघवली नाही, आणि तिसऱ्या भागात दोन माणसं हॉटेलात समोरासमोर बसून गप्प राहतात ते मला फार लांबलं. शिवाय हुआन कितीही मायाळू असला तरी त्या मुलाची आई ज्याच्यामुळे संपत चालली आहे तोच तो माणूस. त्याच्या हातून मुलाला माया मिळते हे दाखवताना दिग्दर्शकाने त्याला जरा सोपं सोडलंय असं मला वाटलं. आमच्या नात्यात एक घर दारूने गेलं आहे, त्यामुळे मला विकणाऱ्याबद्दल हळवं होता येत नाही.

पाणवठा

खडीसाखर, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. पण सिनेमा त्याला सोडत नाही. पॉला रस्त्यावर गाडीत बसून ओढत असते आणि हुआन तिला खडसावायला जातो, तो प्रसंग आठवा. ती उलट विचारते, मग माझ्या पोराला तू वाढवणार आहेस का? आणि मला माल विकत राहणार आहेस? हुआनकडे उत्तर नाही. पुढे तेच त्याला मुलाच्या तोंडून ऐकावं लागतं.

आणखी एक सांगतो. हे रचलेलं नाही. मूळ लेखन टॅरेल अल्विन मॅक्रेनीचं. आई एड्सने गेल्यानंतर 2003 मध्ये त्याने ते लिहिलं आणि ते बरीच वर्षं पडून होतं. त्याच्या लहानपणी खरोखरच असा एक ड्रग विकणारा माणूस होता जो त्याच्याशी मायेने वागला. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्सही त्याच लिबर्टी सिटीतला, त्याचीही आई क्रॅकच्या व्यसनात अडकलेली. दोघं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, एकाच शाळेत, वयात जेमतेम वर्षाचा फरक, आणि लहानपणी ओळख नाही! मॅक्रेनी गे आहे, जेन्किन्स नाही. म्हणजे एकाच आईची गोष्ट दोन मुलांनी मिळून सांगितली आहे, असं मला नेहमी वाटतं. पॉलाला राक्षसीण करणं त्यांना शक्यच नव्हतं. शेवटी व्यसनमुक्ती केंद्राच्या अंगणात ती मुलाची माफी मागते, तिच्या थरथरत्या हातातली सिगरेट तो पेटवून देतो. मला त्या जागी रडू आवरत नाही.

खडीसाखर

तो गाडीचा प्रसंग मी विसरलेच होते. पुन्हा बघते.

दक्षिणवारा

मी फ्लोरिडात, मायामीपासून तासाभरावर राहतो, 11 वर्षं झाली. इथे आल्यावर बरीच वर्षं मला मायामी म्हणजे किनारा आणि काचेच्या इमारती एवढंच ठाऊक होतं. 'मूनलाइट' पाहिल्यावर एका रविवारी गाडी काढून लिबर्टी सिटीला गेलो.

सिनेमातली ती बुटकी, फिकट रंगाची घरं लिबर्टी स्क्वेअरची. 1937 मध्ये उघडलेली, कृष्णवर्णीयांसाठी दक्षिणेत सरकारने बांधलेल्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. वसाहत झाली तेव्हा पलीकडच्या गोऱ्या वस्तीपासून ती वेगळी करायला एक भिंत घातली होती. त्या भिंतीचा कमरेएवढाही नसलेला तुकडा अजून आहे. मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो. ऊन होतं, दगड तापला होता. शेजारच्या झाडाखाली म्हातारी माणसं बसली होती. आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांची आठवण आली, वेशीबाहेरची. फार बोलत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

समुद्राच्या प्रसंगाबद्दल : हुआन लिटलला पाण्यावर तरंगायला शिकवतो, डोकं तळहातावर घेऊन. तो मुलगा अॅलेक्स हिबर्ट खरंच पोहू शकत नव्हता आणि महर्शाला अली त्याला त्या दिवशी खरंच शिकवत होता. वादळ चालून येत होतं म्हणून घाईघाईत चित्रण उरकावं लागलं. कॅमेरा निम्मा पाण्यात आहे, लाटा भिंगावर आपटतात. या शहरात एके काळी कृष्णवर्णीयांना समुद्रात उतरायलाही जागा नव्हती, 1945 मध्ये व्हर्जिनिया की हा एक किनारा त्यांच्यासाठी उघडला. हे कळल्यावर तो प्रसंग मी निव्वळ पोहण्याचा म्हणून पाहू शकत नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर : माझी मुलगी 10 वर्षांची आहे, इथल्या शाळेत शिकते, तिला हे सगळं इंग्रजीत माहीत आहे. मराठीत सांगायला गेलो तर माझीच जीभ अडखळते. मी आत्ता प्रयत्न करून पाहिला, मोठ्याने. 'समलिंगी' म्हटलं आणि ते सरकारी अर्जातल्यासारखं वाटलं.

तळटीप

दक्षिणवारा, भिंतीचं वाचून अंगावर काटा आला.

मी छायाचित्रणाच्या क्षेत्रात काम करतो त्यामुळे थोडं तांत्रिक. पडद्यावर त्वचा चमकू नये म्हणून एरवी चेहऱ्याला पावडर लावतात. जेन्किन्स आणि छायालेखक जेम्स लॅक्स्टन यांनी उलट केलं, तेल लावलं. मायामीच्या दमट हवेत घामेजलेली काळी कातडी जशी उजळते तशीच त्यांना हवी होती. आपल्याकडे अजून सावळ्या मुलीला गोरं दिसायला दोन थर जास्त चढवतात, मी रोज पाहतो. म्हणून मला ही तेलाची गोष्ट मनापासून आवडते. तिन्ही प्रकरणांचे रंगही तीन वेगळ्या फिल्मच्या धाटणीचे केले आहेत. नाव न कळताही डोळ्यांना फरक कळतो.

तिन्ही वयांचे नट, अॅलेक्स हिबर्ट, अॅश्टन सँडर्स आणि ट्रेवांटे रोड्स, चित्रण चालू असताना एकमेकांना भेटू दिले नव्हते. कुणी कुणाची नक्कल करू नये म्हणून. तरी तिघांचे डोळे एकाच माणसाचे वाटतात. नेओमी हॅरिसने पॉलाची तिन्ही वयं तीन दिवसांत केली, कारण तिच्याकडे तेवढेच दिवस होते. आणि सगळा सिनेमा 25 दिवसांत!

संगीताबद्दल एकच. निकोलस ब्रिटेलने लिटलसाठी पियानो आणि व्हायोलिनची एक छोटी धून केली. तीच धून पुढच्या प्रकरणांत खाली खाली उतरवली आहे, संथ आणि जड. गाणी अशी ओढून जड करण्याची ही तऱ्हा ह्यूस्टनच्या हिपहॉपमधली. मुलाचा आवाज फुटतो तशी ती धून फुटते. हेडफोन लावून ऐका.

मधुमालती

रानजाई, मी दोन मुलांची आई, नाशिकला असते. तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतेय.

आधी तो शब्द. 'बायल्या' या शब्दात शिवी नक्की कुणाला आहे? बाईला. पोरगं रडलं, हळू बोललं, रांगोळी काढली, की ते बाईसारखं झालं आणि बाईसारखं होणं म्हणजे घसरणं. माझ्या धाकट्याला स्वयंपाकघरात लुडबुड करायला आवडतं, त्याला त्याच्या सख्ख्या आजोबांनी हा शब्द वापरला. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंधच नव्हता, तो तेव्हा 6 वर्षांचा होता. तेव्हा उत्तर देताना मला आधी हेच सांगावंसं वाटेल, की बाईसारखं असण्यात कमीपणा काय आहे ते त्या म्हणणाऱ्याला विचार.

दुसरं, 'तसा'. आपल्याकडे सगळे 'तसा' म्हणतात. "त्यांचा मुलगा तसा आहे म्हणे." आवाज खाली, भुवया वर. तसा म्हणजे कसा ते वाक्यात कधीच येत नाही.

काळीमाती

माझं मत कदाचित पटणार नाही, पण प्रामाणिकपणे लिहितो. मीही शिक्षक आहे, अजून नोकरीत. सातवीच्या मुलाला हे सांगावं असं मला वाटत नाही. रानजाई बाईंनी त्याला दटावलं ते चुकलं, चिडवणाऱ्यांना बोलवून घ्यायला हवं होतं, हे कबूल. पण वर्गात 55 मुलं असतात. एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत असतात. अमेरिकेतला हुआन कुणाला जबाबदार नव्हता, आम्ही असतो. सिनेमा मी पाहिला नाही, धागा वाचून लिहितोय.

मधुमालती

काळीमाती सर, 55 मुलांचं मला समजतं. पण शब्द त्याच्यापर्यंत आधीच पोहोचलेला आहे ना. पोरांनी त्याला त्यांच्या पद्धतीने शिकवूनही झालंय. आपण फक्त दुसरी बाजू सांगायला नकार देतो.

पाणवठा

सर, सिनेमातल्या शाळेचं सांगू का? दुसऱ्या भागात शायरॉनला मारहाण होते. ज्याच्याशी समुद्रकिनाऱ्यावर पहिल्यांदा जवळीक झाली त्याच केव्हिनला बाकीची पोरं त्याला मारायला लावतात. नंतर शाळेतल्या बाई त्याला समजावत असतात, तक्रार कर, नावं सांग. त्या वाईट नाहीत. कळकळीने बोलतात. पण त्याचं खरं दुखणं काय, हे त्यांना माहीतच नाही, आणि तो सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तो वर्गात शिरतो आणि म्होरक्याच्या पाठीत खुर्ची घालतो. पोलीस त्यालाच घेऊन जातात.

पंचगंगा

गेली 5 वर्षं इथे नुसतं वाचतो, लिहितो पहिल्यांदाच. मी 41 वर्षांचा, मूळ कोल्हापूरचा, आता पुण्यात. गे आहे. काळीमाती सर, मी तुमच्यावर रागावलेलो नाही, फक्त त्या 55 पैकी एक होतो.

मला आठवीत हाच शब्द चिकटला. मी कुणालाच अर्थ विचारला नाही, मला तो कळला होता. मी तालमीत जायला लागलो. पहाटे पाचला उठून जोर-बैठका, तांबडी माती, दोन वर्षांत छाती भरली, मान जाड झाली. आवाज ओढून खर्जात बोलायचो. वडील खूश. शब्द बंद झाला. त्याबरोबर माझं बोलणंही बंद झालं. मी एकही मित्र जवळ येऊ दिला नाही, कारण जवळ आला की कळेल.

म्हणून ज्यांना तिसरा भाग लांबतो त्यांना मी काही म्हणत नाही, पण मला तो श्वास घेऊ देत नाही. अटलांटात शायरॉन 'ब्लॅक' झालेला आहे. पिळदार दंड, दातांवर सोन्याचं आवरण, हुआनसारखीच गाडी, हुआनचाच धंदा. सकाळी उठून बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवतो. ते सगळं शरीर म्हणजे त्या शब्दाला दिलेलं उत्तर आहे. मग एका रात्री केव्हिनचा फोन येतो, आणि हा गाडी काढून थेट मायामीला जातो. केव्हिन छोट्या खाणावळीत स्वयंपाकी आहे. तो विचारतो, खाणार ना? आणि स्वतः करायला घेतो. भाताची मूद, काळ्या घेवड्याची उसळ म्हणा हवं तर, कोंबडी, वर कोथिंबीर, लिंबू पिळतानाचा हात. कॅमेरा त्या हातांवर थांबतो. खायच्या आधी ब्लॅक दातांवरचं सोनं काढून ठेवतो. माझ्यासाठी सिनेमा तिथे आहे. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी समोर त्याचं तोंड उघडं पडलं.

मी हा सिनेमा 2017 मध्ये थिएटरात एकटा पाहिला. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 जसंच्या तसं होतं. 2013 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते परत लागू केलं होतं. 6 सप्टेंबर 2018 ला निकाल फिरला त्या दिवशी मी कचेरीच्या जिन्यात बसून घरी फोन लावला आणि काहीच न बोलता ठेवून दिला.

घरात सांगितलं त्यानंतर वर्षभराने, तेही फक्त मावशीला. ती गडहिंग्लजला असते, शिक्षण चौथीपर्यंत. मी सांगितलं की माझ्याबरोबर एक जण राहतो, आणि तो नुसता खोलीतला मित्र नाही. ती भाकऱ्या करत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि विचारलं, "काय खातो त्यो? तिखट चालतंय नव्हं त्याला?"

रानजाई ताई, तुम्ही शब्द मागितलेत. मला आठवीत कुणी असं सांगितलं असतं तर पुरलं असतं : "काही मुलांचा जीव मुलींवर जडतो, काहींचा मुलांवर. ज्यांचा मुलांवर जडतो त्यांना टोचायला पोरं हा शब्द वापरतात. तुझा कुणावर जडेल ते तुझं तुला कळेल, घाई नाही. पण कुणी टोचलं तर मला येऊन सांग." यात एकही अवघड शब्द नाही. आणि सर, यात पालकांनी तक्रार करण्यासारखंही मला काही दिसत नाही.

दक्षिणवारा

जीव जडणं! आपल्याकडे हा शब्द होता आणि मी अर्जातला शब्द शोधत बसलो. आज रात्री मुलीला सांगून बघतो.

काळीमाती

पंचगंगा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. या शब्दांत मी सांगू शकेन. सिनेमा या रविवारी बघतो.

तळटीप

पंचगंगा, लिहिलंत ते फार बरं केलंत. लिहीत राहा.

गाडीच्या त्या प्रवासात कानावर येणारं गाणं ब्राझीलच्या कायतानो वेलोसोचं. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याच्या 'हॅपी टुगेदर'मध्ये तेच आहे. जेन्किन्स त्याला फार मानतो, त्या सिनेमातही दोन पुरुषांचीच गोष्ट आहे. आणि खाणावळीत केव्हिन ज्यूकबॉक्सवर लावतो ते बार्बरा लुइसचं 1963 चं गाणं. तोंडाने जे बोलता येत नाही ते तो नाणं टाकून लावतो.

अबोली_पिवळी

मी गोव्याची, लग्नानंतर मुंबईत. साहित्याच्या बाजूने थोडं.

आपल्याकडे तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं. दुसऱ्या मुलीवर जीव जडलेली मित्रा रोहिणी हट्टंगडींनी केली होती. त्या काळात ते फार मोठं धाडस होतं, पण मित्रा शेवटी जीव देते. मी कॉलेजात असताना ते नाटक वाचलं आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "यातून दुसरा शेवट नसतोच का गं?" तिने का विचारलं ते मला फार उशिरा कळलं. 'मूनलाइट' मला त्यासाठी मोलाचा वाटतो. शेवटी कुणी मरत नाही. शायरॉन केव्हिनला सांगतो, तुझ्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. आणि पुढच्या दृश्यात केव्हिनने त्याचं डोकं खांद्यावर घेतलेलं असतं, बस्स. त्यानंतर निळ्या उजेडात किनाऱ्यावर उभा असलेला छोटा लिटल मागे वळून आपल्याकडे बघतो.

आणि आता आपल्याकडेही दुसरा शेवट आलाय. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. 2025 च्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सिनेमा आपल्या मराठीत, आपल्या गावातला. आनंद मुंबईहून वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूने उभी राहते. पार्श्वसंगीत नाही, शेतातले आवाज आहेत. तिथेही बाळ्या आनंदला काय देतो, तर साबराची बोंडं. काट्यांतलं लालभडक फळ. त्यांची वयं शायरॉनपेक्षा मोठी, पण गावात परत आल्यावर आनंद पुन्हा पोरवयातला होतो. कानवडेंनी स्वतःच्या वडिलांच्या सुतकातल्या दिवसांवरून ते लिहिलंय.

खडीसाखर

पुन्हा बघितला 'मूनलाइट'. पॉला किंचाळते तो प्रसंग आठवतोय ना, गुलाबी उजेडातला, जिथे तिचा आवाजच काढून टाकलाय? आमच्या नात्यातल्या त्या घरातली मुलगी मला एकदा म्हणाली होती की बाबा ओरडायचे तेव्हा तिला नंतर नंतर ऐकूच यायचं नाही, नुसतं तोंड हलताना दिसायचं. मागच्या वर्षी मी ते दृश्य पाहिलं आणि मला ती आठवली नव्हती. आज आठवली.

तिसरा भाग या वेळी लांबला नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार कसे मानू. पंचगंगा, तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून लिहिते : तुमचं उत्तर मी एका वहीत उतरवून घेतलंय, माझ्या अक्षरात.

धाग्यात मी मुलाबद्दल अर्धवट लिहिलं होतं आणि दोघांनी मला खाजगीत हळुवारपणे विचारलं. नाही, माझा मुलगा गे नाही. त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याच्या घरी हे कळलं गेल्या दिवाळीत, आणि तेव्हापासून त्या घरात त्याच्याशी कुणी बोलत नाही. तो नोकरी करतो, राहतो तिथेच, पण रात्री जेवायला आमच्याकडे असतो. पहिले तीन महिने मला कारण माहीत नव्हतं. दोघांनी मला सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. परवा माझ्या मुलाने सिनेमा लावला तेव्हा तो मित्रही खोलीत होता, भिंतीला टेकून बसला होता. टेबलाचा प्रसंग आला आणि दोघं पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. सिनेमा त्यांनी कशासाठी लावला ते मला तेव्हा उमगलं.

मराठीत 'वाढणं' ताटालाही लागतं आणि मुलालाही, हे मी वर्गात कितीतरी वेळा गमतीने सांगितलं आहे. पंचगंगांच्या मावशीचं वाचल्यावर ते पुन्हा आठवलं.

काल रात्री तो आला. मी पंचगंगांचं वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं, पण तो 23 वर्षांचा, त्याला जीव कुणावर जडतो हे मी काय सांगणार. ताट घेताना मी एवढंच म्हणाले, "दिवाळीत काय झालं ते मला माहीत आहे. इथे कुणापासून लपवायचं नाही." तो हो म्हणाला. भाजी दोडक्याची होती. थोड्या वेळाने म्हणाला, "काकू, एक सांगू? मला दोडका अजिबात आवडत नाही." गेले सहा महिने तो ती भाजी निमूटपणे संपवत होता.

आज भरली वांगी केली आहेत. आठ वाजता येईल.